पाखरांना दाणा-पाणी ठेवलं की मागोमाग साप येतो का?

माळकडेचं_घर
नमस्कार मंडळी. आपल्या सोलापुरात विजापूर रोड, होटगी रोड, बाळे, देगाव, कुंभारी, जिकडे बघावं तिकडे प्लॉट पडलेत आणि घरं थेट माळाला जाऊन भिडलीत. फाल्गुन लागला की अशा घरांच्या गच्चीवर आणि अंगणात लोक पाण्याचं भांडं आणि ज्वारी-बाजरी ठेवतात. चिमण्या, साळुंक्या, होले येतात. त्याच अंगणात मग उन्हाळ्यात नाहीतर पहिल्या पावसात धामण किंवा नाग दिसतो आणि शेजारपाजारचे म्हणतात, "पाखरं बोलावली म्हणून साप आला."
यात तथ्य किती? पाखरांची सोय करायची आणि साप घराजवळ घोटाळू द्यायचे नाहीत, हे दोन्ही एकदम जमवायचं तर नेमकं काय करायचं? मोघम नको, मापासकट सांगा.

कडबागंजी
तथ्य आहे, पण साखळीतला एक दुवा लोक विसरतात. साप सहसा पाखरासाठी येत नाही, उंदरासाठी येतो. संध्याकाळी टाकलेला मूठभर दाणा पाखरं सगळा टिपत नाहीत. उरलेल्यावर रात्री उंदीर येतात आणि उंदरामागं धामण, नाग, घोणस. अंगणात कडबा, सरपण, गोवऱ्या, उरलेल्या विटा किंवा शहाबादी फरशीचे तुकडे रचलेले असतील तर उंदराला राहायलाही जागा मिळाली. दाणा, उंदीर, आडोसा यातला एक जरी काढला तरी फरक दिसतो, आणि काढायला सगळ्यात सोपा दाणाच.

सुगरण_
दाणा बंद करा म्हणणं पटत नाही हो. ऐन उन्हात पाखरांना दुसरं काय असतं खायला? आमच्याकडं हे पुण्याचं काम समजतात, आणि ते चुकीचं नाही.

कडबागंजी
सुगरण ताई, बंद नका करू, वेळ बदला. सकाळी सातला एक मूठ, साधारण पन्नास ग्रॅम. नऊपर्यंत जे उरेल ते झाडून डब्यात. संध्याकाळी काहीही टाकायचं नाही. जमिनीवर किंवा कठड्यावरही टाकायचं नाही. फूटभर लांब-रुंद पत्र्याचा नाहीतर लाकडी ट्रे घ्या, कडा बोटभर उंच ठेवा म्हणजे दाणा खाली सांडत नाही, आणि पाच-सहा फुटांवर तारेनं टांगा. तार भिंतीपासून चार फुटांहून लांब असावी, नाहीतर उंदीर भिंतीवरून उडी घेतो.
आणि दाण्यावर येतं कोण हेही बघा. पारवे, होले, चिमण्या. बुलबुल, शिंपी, वेडा राघू, कोतवाल, चीरक यांना तुमच्या ज्वारीचा उपयोग नाही. ते किड्यांवर नाहीतर फळांवर जगतात. पारवे वाढले की विष्ठा वाढते आणि तिच्या धुळीनं काहींना फुप्फुसाचा त्रास होतो. सगळ्या पाखरांना सारखं लागतं ते पाणी.

परळ_आणि_पाणी
पाण्याबद्दल लिहिते. मे महिन्यात पारा ४३ च्या पुढं जातो तेव्हा स्टीलचं किंवा प्लास्टिकचं भांडं तासाभरात चटका देतं. मातीचं परळ घ्या, पसरट, दोन इंचांहून खोल नको. मध्ये एक खडबडीत दगड असा ठेवा की तो पाण्याच्या थोडा वर राहील. लहान पाखरू त्यावर उतरून पितं आणि भांड्यात पडलेली मधमाशीसुद्धा चढून बाहेर येते. खोल बादली किंवा अर्धा भरलेला पिंप उघडा ठेवू नका, त्यात साळुंकीची पिल्लं आणि खारी बुडतात.
रोज सकाळी पाणी ओतून द्या, काथ्यानं घासा, नवं भरा. साबण नको. शेवाळ धरलं की आजार पसरतो, आणि पाणी साठून राहिलं की डास. आपल्याकडं नळाला रोज पाणी नसतं, म्हणून काहीजण कालच्याच पाण्यात भर घालतात. तसं न करता भांडं लहान ठेवा आणि जुनं पाणी झाडाला घाला.
जागा सावलीची, पण झुडपाला चिकटून नको. मांजर दबा धरतं. चारी बाजूंनी सहा-सात फूट मोकळं हवं.
सापाच्या दृष्टीनं भांड्यातलं पाणी फारसं महत्त्वाचं नाही. ठिबकचा गळका नळ, सांडपाण्याचं डबकं, पिंपाखालची सततची ओल, तिथं बेडूक येतात आणि बेडकामागं साप. ते आधी दुरुस्त करा.

हिप्परगा_काठ
उलटंही एक लक्षात घ्या, साप आल्याची वर्दी पाखरंच देतात. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल आणि खार एकाच झाडाकडं किंवा झुडपाकडं तोंड करून सलग कलकलाट करत असतील, उडून परत तिथंच बसत असतील, तर तिथं साप, घुबड नाहीतर मांजर आहे असं समजा. सापासाठी आवाज खालच्या बाजूला रोखलेला असतो आणि साप सरकेल तसा तो सगळा घोळकाही सरकतो. लहान मुलं खेळत असतील तर त्यांना आधी तिथून उठवा.

नवा_सदस्य_४१३
डोकं त्रिकोणी असलं की विषारी, एवढं लक्षात ठेवलं तर पुरतं ना?

सर्पमित्र_बार्शीरोड
नाही, हा समज जीव घेतो. नाग आणि मण्यार यांची डोकी त्रिकोणी नसतात आणि दोघेही जहाल विषारी. कवड्याचं डोकं चपटं, मानेपेक्षा रुंद दिसतं आणि तो बिनविषारी.
आपल्या भागात जास्त घोटाळा कवड्या आणि मण्यार यांच्यात होतो, म्हणून सविस्तर सांगतो. मण्यार काळी-निळसर, चकाकणारी. पांढरे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीनं. हे पट्टे शेपटीकडं ठळक आणि मानेकडं येता येता पुसट होतात. पाठीच्या मध्यावर मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग असते. कवड्या तपकिरी. त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, तिथं रुंद आणि ठळक, शेपटीकडं विरत जातात. म्हणजे नेमकं उलट. कवड्या पाली खातो, म्हणून खडबडीत भिंतीवर, खिडकीच्या चौकटीत, माळवदाच्या लाकडांत सापडतो. मण्यार बहुतेक वेळा जमिनीलगत.
घोणस जाड, पाठीवर साखळीसारख्या गडद ठिपक्यांच्या तीन रांगा, डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा लांब फूत्कार. हिला डुरक्या घोणस समजून हात लावणारे आहेत. डुरक्या बिनविषारी, शेपटी आखूड, नक्षी वेडीवाकडी आणि एकमेकांत मिसळलेली. फुरसं लहान, हातभराचं, खडकाळ माळावर. अंगाचे करवती खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज करतं.
धामणीला लोक नाग समजून मारतात. धामणीचे डोळे मोठे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा, अंग लांब आणि चपळ. ती फणा काढत नाही.
शंका राहिली तर विषारी धरूनच वागा. ओळख पटवायला जवळ जाणं हीच सगळ्यात मोठी चूक.

डाळिंबवाला
पिल्लांचं पण लिवा की सर. मे ते जुलैत घोणशीची पिल्लं लै दिसतात. वीतभर असली तरी जन्मापासून विषारी. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, वीस-तीस सहज. म्हणून एक दिसलं की बाकीची त्याच बांधाला, त्याच दगडाखाली असतात असं धरून चालायचं. नागाची पिल्लं अंड्यातून येतात, जरा मागनं, पावसाळ्यात. बागेत पालापाचोळा उचलताना हातानं नको, दाताळं वापरा. पायात गमबूट, रात्री मोटर चालू करायला जाताना बॅटरी आणि काठी. काठी मारायला नाही, चालताना जमिनीवर आपटायला. साप हवेतला आवाज आपल्यासारखा ऐकत नाही, पण जमिनीचा हादरा त्याला लगेच कळतो आणि तो वाट सोडतो.

नवा_सदस्य_४१३
घराभोवती कार्बोलिक ॲसिड किंवा डांबर गोळ्या टाकल्या तर साप येत नाही असं दुकानदार सांगतात.

सर्पमित्र_बार्शीरोड
त्यावर विसंबू नका. फिनेल, गंधक, लसूण, डांबर गोळ्या, कशानंही साप अडत नाही, तो त्यावरून सरळ निघून जातो. कार्बोलिकनं मात्र माणसाची कातडी भाजते आणि पाखरांच्या पाण्यात ते गेलं तर पाखरं मरतात.
उंदरांचं विषही टाळा. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस सुस्त फिरतो आणि त्या अवस्थेत गव्हाणी घुबड, पिंगळा किंवा धामण त्याला सहज पकडते. मग तेही मरतात. उंदीर फुकट मारणारेच आपण संपवतो. पिंजरा लावा, आत तेलात बुडवलेला चपातीचा तुकडा, पिंजरा भिंतीला लागून. उंदीर मोकळ्यातून पळत नाही, भिंतीच्या कडेनं पळतो.

मोरीची_जाळी
घरात शिरण्याच्या वाटा तीन. दाराखालची फट, मोरीचं आउटलेट आणि भिंतीतून आत येणारे पाइप. दाराखाली पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवू नका. रबर किंवा ब्रशची पट्टी हार्डवेअरवाल्याकडं मिळते, ती दाराच्या खालच्या कडेला बाहेरून बसवा. फरशी उंचसखल असेल तर ब्रशची चांगली, रबर लवकर झिजतं. मोरीला सहा मिलिमीटर छिद्राची जाळी. पाइपाभोवतीची पोकळी सिमेंटनं भरा. कापडाचा बोळा उंदीर कुरतडून काढतात.
कंपाउंडच्या आत भिंतीलगत दोन फुटांचा पट्टा रिकामा आणि झाडलेला ठेवा. झुडपांच्या बुंध्याकडच्या फांद्या दीड फुटापर्यंत छाटा, म्हणजे खाली उजेड पोचतो. बोगनवेल आणि जाई खिडकीला टेकू देऊ नका. सरपण ठेवायचंच असेल तर जमिनीपासून फूटभर उंच लोखंडी घोडीवर आणि घराच्या भिंतीपासून लांब.

सुगरण_
एवढं सगळं करून बुलबुलाचं घरटं त्या बोगनवेलीतच असतं, त्याचं काय?

मोरीची_जाळी
खरंय. घरट्यात अंडी असतील तर छाटणी थांबवा. बुलबुल, शिंजीर यांचा सगळा कारभार महिन्याभरात आटोपतो, दोन आठवडे उबवण आणि जवळपास तेवढेच दिवस पिल्लं. पिल्लं उडाली की छाटा.

हिप्परगा_काठ
शिंजिराबद्दल एक. वाळत घालायच्या तारेवर, दिव्याच्या वायरीवर, कोळ्याच्या जाळ्यानं विणलेली लांबट थैली लोंबते ते त्याचंच घरटं. ते हलवू नका, तारच वापरायची थांबवा. घरट्यात सारखं डोकावू नका आणि फोटोसाठी पानं बाजूला करू नका. तो आडोसाच घार-कावळ्यांपासून वाचवतो.
पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर आधी पिसं बघा. पिसं आलेली, शेपटी आखूड आणि टुणटुण उड्या मारणारं असेल तर ते उडायला शिकतंय. मांजर-कुत्र्यापासून सांभाळून जवळच्या फांदीवर ठेवा आणि बाजूला व्हा, आईबाप खाऊ घालतात. उघडं, डोळे मिटलेलं असेल तर परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे खरं नाही. घरटं मोडलं असेल तर लहान टोपली घ्या, तळाला पाणी निचरायला भोकं पाडा, आत सुकं गवत घाला आणि जुन्या जागेपासून दोन-तीन फुटांच्या आत घट्ट बांधा. दूध-पाव भरवू नका आणि चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं.
काचेवर आपटून पडलेलं पाखरू भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठिकाणी तास-दोन तास ठेवा. शुद्धीवर आलं की खोकं बाहेर नेऊन उघडा.

परळ_आणि_पाणी
गाडीच्या आरशावर चोच मारत बसणारं पाखरूही वीणीच्या दिवसांत दिसतं. त्याला वाटतं समोर दुसरा नर आहे. आरशावर कापडी पिशवी चढवा. खिडकीला बाहेरच्या बाजूनं कागद लावा, आतून लावून उपयोग नाही, प्रतिबिंब बाहेरच पडतं.

गच्ची_नंबर_२
गच्चीवर खडी पसरलीय आणि त्यात टिटवीनं चार अंडी घातलीत. खाली अंगणात हलवली तर चालतील का? म्हातारी माणसं टिटवी अशुभ म्हणतात, त्यामुळं घरात काढून टाकायचा आग्रह आहे.

डाळिंबवाला
हलवा की खाली. वर उन्हात शिजतील अंडी.

माळटिटवी
हलवू नका. जागा बदलली की टिटवी ती अंडी सोडून देते. उन्हाचं तिचं ती बघते. पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसून त्यांना गार करते. तुम्ही फक्त अंड्यांपासून दहा-पंधरा फुटांवर पसरट थाळीत बोटभर पाणी ठेवा, त्यात खडे घाला. साधारण चार आठवड्यांत पिल्लं निघतात, तोवर त्या गच्चीवर पापड-कुरडया घालू नका. ती अंगावर धावून येते, पण इजा करत नाही.
खरी अडचण पिल्लं निघाल्यावर. टिटवीची पिल्लं अंड्यातून बाहेर आली की काही तासांत धावायला लागतात, पण त्यांना चोचीत कोणी भरवत नाही. किडे त्यांचे त्यांनी टिपायचे, आणि गच्चीवर किडे नाहीत. कठड्यामुळं खालीही येता येत नाही. म्हणून आत्ताच पावसाच्या पाण्याच्या पाइपाचं तोंड जाळीनं झाका, पिल्लं त्यात पडतात. सगळी पिल्लं निघून अंगं वाळली की त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, टोपलीत घेऊन आईबापाला दिसतील अशी सरळ खाली न्या आणि घराजवळच्या मोकळ्या जागेत, थोडा गवताचा आडोसा बघून ठेवा. मग लांब व्हा. आईबाप ओरडत येतात आणि पिल्लं त्या आवाजामागं जातात. कुत्री बांधून ठेवा.
अशुभ वगैरे काही नाही. रात्री ती ओरडते कारण जमिनीवर घरटं असलेल्या पाखराला रात्रीही सावध राहावं लागतं.

कडबागंजी
तिनं गच्ची निवडली कारण माळ उरला नाही. टिटवी, माळटिटवी, चंडोल, धाविक, सगळे उघड्या जमिनीवर अंडी घालणारे. माळढोकही तसाच, आणि तो बहुधा एकच अंडं घालतो. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं, पण कागदावरच्या अभयारण्याबाहेर जो माळ आहे त्याला आपण पडीक म्हणतो, नांगरतो, प्लॉट पाडतो. सोलापूरची खरी श्रीमंती हा माळ आहे, आणि तो असा जाताना बघून जीव तुटतो. ज्यांचा प्लॉट रिकामा आहे त्यांनी फेब्रुवारी ते पाऊस पडेपर्यंत निदान गवत पेटवू नका. त्यात अंडी, पिल्लं, सरडे, साप सगळं जळतं, आणि जे वाचतात ते शेजारच्या घरात शिरतात.

द्राक्षबाग_काटी
शेतातली एक गोष्ट सुटली. द्राक्ष-डाळिंबावर पाखरांसाठी जी बारीक नायलॉनची जाळी टाकतात तिच्यात धामणी अडकून मरतात. सापाचे खवले मागं वळलेले असतात, त्यामुळं डोकं एका घरातून गेलं की मागं येता येत नाही, आणि पुढं जोर लावला की दोरा खवल्याखाली रुततो. जाळीची खालची कड जमिनीपासून दीड फूट वर बांधा आणि तोडणी संपली की त्याच आठवड्यात काढून गुंडाळून शेडमध्ये टांगा, बांधावर ढीग नको. वरची जाळी ताणून बांधा. ताणलेल्या जाळीवरून पाखरू उडून जातं, ढिली असली की गुंततं.
अडकलेला साप ओढू नका. भोवतालची जाळी कापून सापासकट मोकळी करा, वर ओलं पोतं टाकून सावली करा आणि सर्पमित्राला बोलवा. रुतलेला दोरा बोथट टोकाच्या कात्रीनंच कापायचा आणि जखम असेल तर उपचार झाल्याशिवाय सोडायचा नाही. नायलॉन मांजात अडकलेल्या घारीलाही हेच, दोरा ओढायचा नाही, दोन्ही बाजूंनी कापायचा.

सर्पमित्र_बार्शीरोड
घरात साप दिसला तर काय, तेही सांगून ठेवतो. दहा-बारा फुटांवर उभे राहा आणि नजर हटवू नका. साप दिसेनासा झाला की अख्खं घर रिकामं करून शोधावं लागतं. मुलं, कुत्रं बाहेर. आतल्या खोलीचं दार लावा आणि त्याखाली टॉवेल खुपसा. रॉकेल, गरम पाणी टाकू नका. वनविभागाचा क्रमांक १९२६. येणाऱ्या सर्पमित्राकडं हुक आणि पिशवी हवी आणि पकडल्यावर वनविभागाकडं नोंद हवी. गळ्यात घालून फोटो काढणारा असेल तर त्याला परत बोलावू नका. साप जवळपासच्याच अधिवासात सोडायचा. फार लांब नेला तर त्याला बीळ, भक्ष्य काही माहीत नसतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला मारणं किंवा पाळणं गुन्हा आहे, आणि मांडुळाचा व्यवहार तर थेट तुरुंगात नेतो.

वॉर्ड_नाइट
चावल्यानंतरचं मी लिहिते, कारण उशीर तिथंच होतो. अंगठी, बांगड्या, जोडवी, घड्याळ लगेच काढा, सूज चढली की निघत नाहीत. हात-पाय फळीला किंवा पुठ्ठ्याला सैल बांधून स्थिर ठेवा. आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका, बर्फ नको. चालवत नेऊ नका. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा. चावल्याची वेळ लिहून ठेवा. १०८ ला फोन करा नाहीतर मिळेल त्या गाडीनं सिव्हिल किंवा जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा. मंदिरात नेणं, मंत्र उतरवणं यात गेलेला तास परत मिळत नाही. साप मारून आणायची गरज नाही, लस चारही मुख्य विषारी सापांवर चालते आणि डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात.
मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, सूजही जवळपास नसते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोबडं बोलतो. अशा वेळी ॲसिडिटी समजून थांबू नका. पावसाळ्यात खाटेवर झोपा, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा, अंथरूण जमिनीला लोंबू देऊ नका.
घोणस-फुरशाच्या विषात रक्त गोठत नाही. त्यासाठी कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग तिरकं करून बघतात. म्हणून दवाखान्यात "काही करत नाहीत, नुसतं बसवलंय" असं वाटलं तर भांडू नका. काही लक्षण नसलं तरी २४ तास निरीक्षणाखाली राहावंच लागतं.

माळकडेचं_घर
सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं. दाणा सकाळी टांगत्या ट्रेमध्ये, पाणी मातीच्या परळात, विटांचा ढीग या रविवारी हलवतो, विष आणायचं नाही. एकच विचारायचं राहिलं. मोरीच्या आउटलेटला जाळी लावली की केस आणि खरकटं अडकून पाणी तुंबतं, मग लोक जाळीच काढून टाकतात. यावर उपाय?

मोरीची_जाळी
जाळी सिमेंटमध्ये कायमची बसवू नका, तिथंच चूक होते. बाहेरच्या तोंडाला पीव्हीसीची आट्याची टोपी मिळते, तिचा मधला भाग कापून तिथं आतून सहा मिलिमीटरची स्टीलची जाळी बसवा. आठवड्यातून एकदा टोपी फिरवून काढायची, घासायची, परत लावायची. काढण्याआधी पाइपावर काठीनं दोनदा टकटक करा आणि तोंडासमोर हात धरू नका. टोपी आणि पाइप यांच्यात फट राहिली तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, घट्ट बसते.